सुगेंग, तुला मी इथे ठेवून घेतलं

सन दोन हजार पंचवीस, आणि तुझं वय अठ्ठावन्न. पासपोर्टात छप्पन्न होतं, पण पासपोर्टवाल्याला काय माहीत. तुझी आई सांगायची, ज्या साली तुमच्या डोंगराने राख ओकली आणि भाताच्या रोपांवर करडी चादर पडली, त्या साली तू झालास. गेल्या रमजानात आपण दोघांनी फळीवर पेन्सिलने ती वर्षं मोजली. मी चौथी पास, तूही तेवढाच. तीनदा मोजलं, तीनदा वेगळं आलं, शेवटी अठ्ठावन्न धरलं.

मंगळवारी सकाळी तू गेलास. बुधवारी दुपारची, असरची नमाज झाल्यावर तुला आखातातल्या या मनामाच्या कबरस्तानात ठेवलं. या दोन दिवसांत मी एकदाच खोटं बोललो. तुला कुठे पुरायचं होतं ते जगात दोनच माणसांना माहीत होतं, तुला आणि मला. तू बोलणार नव्हतास. मला विचारलं, आणि मी म्हटलं, काही बोलला नाही.

हे लिहितोय ते मराठीत. तुझी जावाची भाषा मला पन्नास-साठ शब्दांपलीकडे आली नाही. आपण बोलायचो ती मोडकी हिंदी आणि त्याहून मोडकी अरबी, ती कागदावर कशी उतरवायची? मला लिहिता येणारी भाषा एकच, म्हसळ्याकडच्या आमच्या शाळेत मास्तरांनी छडीने शिकवलेली. तुला वाचता येणार नाही. तरी तुझ्याशीच बोलतोय, दुसऱ्या कोणाशी बोलायची माझी तयारी नाही.

आपली ओळख नमाजेत झाली. एकोणीस वर्षांपूर्वी तू मीना सलमानच्या आपल्या सुतारकामाच्या वर्कशॉपात नवा आलास. पहाटे, फजरच्या वेळी मागच्या खोलीत जो तो आपापली नमाज पढत होता. दुसऱ्या रकातीत, नमाजेच्या दुसऱ्या फेरीत, तू वाकून उठलास आणि दोन्ही हात छातीसमोर धरून दुवा मागत उभा राहिलास. पंजाबी, बंगाली तसे उभे राहत नाहीत, ते सरळ खाली जातात. असे हात धरतो ते आम्ही कोकणी. नमाज संपवून सलाम फिरवल्यावर मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "रत्नागिरी?"

तू घाबरलास. "जावा," म्हणालास.

"ते कुठे आलं?"

तू हात लांब करून दाखवलंस, समुद्राकडे, मग त्याच्याही पुढे, मग आणखी पुढे. मी म्हटलं, चल, चहा पी. त्या दिवसापासून तू मला पाकदे म्हणायला लागलास. तुमच्याकडे बापाच्या मोठ्या भावाला म्हणतात. मला ते आवडलं, पण आवडलं असं मी कधी म्हटलं नाही.

तुझं गाव मी पाहिलं नाही. तरी डोळे बांधून सोडलं तर तुझ्या जमिनीत मी पाय न घसरता चालेन, इतकं तू मला सांगितलंस. उतारावर भाताच्या सात पायऱ्या. सगळ्यात वरची एवढी चिंचोळी की म्हैस वळवता येत नाही, कुदळीनेच खणायची. तिसऱ्या पायरीच्या बांधावर लाल पानांची झाडं, ती तुझी हद्द. तुमच्याकडे भांडण झालं तर कागद नाही बघत, झाड कुठे उभं आहे ते बघतात. पाणी वरून येतं, ज्याच्या त्याच्या पाळीने, आणि पाळी ठरवणारा गावाने नेमलेला एक माणूस असतो. त्याच्याशी भांडायचं नाही. त्याच्या बायकोशी तर त्याहून नाही. संध्याकाळी गाव इतकं शांत की चार खाचरं खाली कोणी खोकलं तरी कळतं, कोण ते.

आणि ती बदकं! भात कापून झालं की बदकवाला येतो, काठीला फडकं बांधून ती चिखलात रोवतो आणि घरी निघून जातो. शंभर-दोनशे बदकं दिवसभर त्या काठीभोवती चरतात, लांब जात नाहीत.

"थापा मार," मी म्हटलं होतं.

"वल्ला, पाकदे. काठी म्हणजे त्यांचा मालक."

"म्हणजे आपल्या सुपरवायझरला पण काठी लावून घरी पाठवता येईल."

तू इतका हसलास की हातातली पटाशी खाली पडली.

भांडणं मात्र आपली खरी होती. ती मी आजही सोडत नाही. मी सांगितलं की आमच्याकडे पावसाआधी जमिनीवर पाला, शेण, कवळं पसरून राब भाजतात आणि त्यावर भाताचं बी टाकतात. तुझा चेहरा असा झाला, जसं मी कोणाचं घर पेटवलं.

"जिवंत माती भाजता?"

"तण मरतं त्याने. रोप जोरात येतं."

"माणूस भाजला तर त्याच्यावर पण रोप जोरात येईल, पाकदे."

तू राखेचा माणूस, डोंगराची राख तुझ्या सात पायऱ्यांत भरलेली, आणि मला राखेवरून शिकवतोस! मी अजून सांगतो, राब भाजल्याशिवाय रोप धरत नाही. तू असतास तर आत्ताही मान हलवली असतीस.

कापणीचं तसंच. तू विचारलंस, भात कशाने कापता? मी म्हटलं, विळ्याने, मूठ धरायची आणि ओढायचा, आणखी कशाने? तेव्हा तू डावा हात पुढे केलास, बोटं मिटलीस आणि दाखवलंस की तुमच्याकडे बोटांच्या आत लपेल एवढंसं पातं असतं. पातं भाताला दिसू द्यायचं नाही. एकेक लोंबी हळूच खुडायची, म्हणजे पिकात राहणारी भाताची आई दचकत नाही. आता तुमच्या गावातही पहिली मूठ तशी घेतात, बाकी सगळं विळ्याने आणि मशीनने.

"म्हणजे पहिल्या मुठीपुरती लाज," मी म्हटलं.

"पहिल्या मुठीला कळलं नाही, तर बाकीच्यांना सांगणार कोण?" तू म्हणालास.

मी म्हटलं, चल, चौकट धर.

आता मरियमचं सांगतो. तुला माहीत आहे, पण पुढचं त्याच्यावर आहे म्हणून सांगतो.

माझी बायको चौदा वर्षांपूर्वी गावी वारली. सकाळी फोन आला. दुपारच्या विमानाचं तिकीट मिळालं, मी भावांना सांगितलं, मी येईपर्यंत थांबा. मोठा भाऊ धर्मावर बोट ठेवून म्हणाला, मय्यत ठेवायची नसते, दीन घाई करायला सांगतो. मी मुंबईत उतरून गाडीने गावात पोहोचलो तेव्हा माती ओली होती आणि लोक जेवून घरी गेले होते. मी तिचा चेहरा पाहिला नाही. त्याच अंगणात मी भावांना जे बोललो ते बोललो, आणि शेवटी म्हटलं, या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही, मेलो तरी इथे येणार नाही. पूर्ण जमात ऐकत होती. मी बोललेलं मागे घेत नाही. चौदा वर्षं घेतलं नाही.

मी इथे परत आलो. संध्याकाळी भात आणि मासा घेऊन आलास, माझ्यासमोर बसलास, मी जेवलो की ताट उचलून गेलास. चाळीस दिवस. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, चाळीसाव्या दिवशी तू तुझ्या खोलीत चार माणसं बोलावलीस, पढवलंस आणि खाऊ घातलंस. माझ्या सख्ख्या भावांनी केलं की नाही ते मी विचारलंही नाही. तू केलंस. तू तिला एकदाही पाहिलं नव्हतंस. याचे आभार मी मानले नाहीत. आमच्यात मानत नाहीत, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर तोंडातून निघालं नाही.

मग वर्षातून दोनदा-तीनदा तू विषय काढायचास. "पाकदे, जाऊन ये. कबर बघून ये. भावाशी बोलू नकोस, कबरीशी बोल." मी म्हणायचो, गप्प बस. तू गप्प बसायचास आणि सहा महिन्यांनी परत.

तुझ्या धाकट्या मुलाचा जन्म झाला तो दिवस आठवतो? तू इथेच होतास, सुट्टी मिळाली नव्हती. फोन आला, सगळ्यांनी मिठाई खाल्ली, आणि तू मात्र लाकडाच्या ढिगामागे जाऊन बसलास. मी आलो तर तू रडत होतास.

"मुलगा झाला ना रे? मग?"

तेव्हा तू सांगितलंस. बाळामागून जी वार येते, ती तुमच्याकडे बापाने आपल्या हाताने धुवायची, मडक्यात घालायची आणि घराच्या दाराशी पुरायची, वर काही दिवस दिवा लावायचा. ते काम दुसऱ्याने करायचं नसतं. तुझ्या मुलाचं ते काम तुझ्या मेव्हण्याने केलं होतं.

"आमच्याकडे पण सुईण परसात पुरते," मी म्हटलं. "त्यात रडण्यासारखं काय?"

"तो भाऊ असतो, पाकदे. धाकटा भाऊ. माणूस एकटा येत नाही, दोघं येतात. एक घरात वाढतो, एक दाराशी थांबतो."

"कुठल्या किताबात लिहिलंय?"

"किताबात नाही. माझ्या दाराच्या उजव्या हाताला आहे. माझ्या बापाने ठेवलेला. अठ्ठेचाळीस वर्षं थांबलाय."

मी तुला तेव्हा बरंच सुनावलं. दीन काय, खुळचटपणा काय, तू नमाजी माणूस असून हे काय. मला या गोष्टींत लई कळतं असं मला वाटायचं. तू ऐकून घेतलंस. डोळे पुसलेस आणि म्हणालास, "पाकदे, मला काही झालं तर मला घरी पाठव. तो दाराशी आहे. मी इथल्या वाळूत आणि तो तिथे, असं नको. तू सांग त्यांना. माझं तुझ्याशिवाय इथे कोणी ऐकणार नाही."

"आधी काम कर," मी म्हटलं.

दहा वर्षं झाली त्याला. गेल्या रमजानात, वय मोजलं त्याच दिवशी, तू परत तेच बोललास. मी परत तेच सुनावलं. तेव्हा तू पहिल्यांदा उलटून बोललास.

"माझा खुळचटपणा आहे. ठीक. मग तू का जात नाहीस तुझ्या मरियमजवळ? तुला तर दाराशी कोणी अडवत नाही. तुला तुझं तोंडच अडवतंय."

आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. समोरासमोर उभे राहून एकच दरवाजा केला आपण, तू त्या टोकाला, मी या टोकाला, आणि अवाक्षर नाही. नवव्या दिवशी, रोजा सुटल्यावर, तू चहाचा कप माझ्या रंध्याशेजारी ठेवलास. मी प्यायलो. ते भांडण तिथेच राहिलं. त्याचा शेवट झाला नाही. तू बरोबर होतास, एवढं म्हणायला मला सहा महिने मिळाले होते.

मंगळवारी अमवाजच्या एका बंगल्याच्या दरवाज्यांचं काम चाललं होतं. सकाळचे नऊ वाजून गेले असतील. तू रंधा ठेवलास आणि फळ्यांवर बसलास. घाम येत होता, पण घाम इथे कोणाला येत नाही?

"पाकदे, थोडं बसतो."

"आत्ता कुठे बसतोस? दरवाज्याचा अर्धा पल्ला राहिलाय, लोक अकराला न्यायला येणार."

तू उठलास. रंधा हातात घेतलास. दोनदा मारलास. तिसऱ्यांदा मारताना तू दरवाज्यावर आडवा झालास, गाल लाकडावर टेकून, जसा माणूस बघतो की पृष्ठभाग सारखा झाला की नाही. मला वाटलं तेच बघतोयस. मी म्हटलं, "हो, हो, बरोबर आहे, मार पुढे." हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. अँब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरने बाहेर येऊन मान हलवली. खलास.

दुपारी सुपरवायझरने तुझ्या घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तुझ्या बायकोची, तुमिनीची अरबी माझ्या-तुझ्यापेक्षा साफ आहे, चार वर्षं इथेच मुहर्रकला एका घरात कामाला होती ती. मग दोघांपैकी एकाने जमीन बघायला गावी राहायचं म्हणून ती परत गेली आणि तू आलास. ती किंचाळली नाही. तिच्या मागे बायका होत्या, त्यांचा आवाज येत होता. सुपरवायझरने दोन्ही रस्ते नीट सांगितले. घरी पाठवायचं तर कागदपत्रं होतात, बारा-पंधरा दिवस लागतील, कंपनी पाठवील. इथेच करायचं तर तुमची संमती पाठवा, उद्या होईल.

ती म्हणाली, "पाकदे आहेत तिथे?"

"आहे, तुमिनी."

"तो काही बोलला होता का? कुठे पुरायचं ते?"

वर्कशॉपातली माणसं माझ्याकडे बघत होती. सगळ्या मशिनी बंद होत्या. 

"नाही," मी म्हटलं. "काही बोलला नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"दीन घाई करायला सांगतो. मय्यत ठेवायची नसते."

माझ्या मोठ्या भावाचेच शब्द. चौदा वर्षं ज्या शब्दांसाठी मी त्याचं तोंड पाहिलं नाही, ते माझ्या तोंडून असे सुटले जसे माझेच होते.

तिने ते मागच्या बायकांना सांगितलं. मग म्हणाली, "त्याच्या आईशेजारी जागा ठेवली होती आम्ही." अजून वेळ होता. एक शब्द बोललो असतो तर सगळं फिरलं असतं. "बरं," ती म्हणाली, "पाकदे म्हणतात तसं करा." संध्याकाळपर्यंत कागद आला. त्यावर तिची सही होती, आणि गावच्या मुखियाची.

का बोललो, ते आता ऐक. लोकांना मी सांगितलं की थंड पेटीत पंधरा दिवस पडायचं, विमानात सामानाबरोबर जायचं, हे माणसाला शोभत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते खरं कारण नव्हतं. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे. माझ्या गावाला मी स्वतः कुलूप घातलं आणि चावी समुद्रात टाकली. मुलगा इथे, सून इथे, नातवंडं मला इंग्रजीत उत्तर देतात. माझी माती इथेच पडणार, हे मला ठरलेलं आहे, आणि त्या वाळूत माझ्या ओळखीचं एकही माणूस नाही. फोनवर ती विचारत होती तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: हा गेला तर मी इथे एकटा. हा राहिला तर मी याच्याशेजारी जागा धरीन. तू दाराशी थांबलेल्या भावासाठी रडलास म्हणून मी तुला हसलो होतो. आणि मी काय केलं? मला भाऊ पाहिजे होता, तर मी तुझ्या दारातून चोरला.

तुला धुतलं ते मी आणि वर्कशॉपातल्या दोघांनी. तुझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर पटाशीचा जुना व्रण होता, पहिल्या वर्षीचा, माझ्या चुकीने लागलेला. कबरीत मी उतरलो. लोक म्हणाले, चाचा, तुमचं वय नाही, मी ऐकलं नाही. तू सांगायचास, तुमच्याकडे मय्यतीवर लाकडाच्या फळ्या तिरक्या लावतात, म्हणजे माती अंगावर येत नाही. इथे सिमेंटच्या लाद्या असतात. आयुष्यभर लाकूड घासलेला सुतार, आणि तुझ्यावर लाकडाची एक फळी नाही. लादी बसवताना मी सवयीने सांधा बघितला. सांधा बरोबर नव्हता. वरून माणूस म्हणाला, "यल्ला, हाजी, वर या." मी वर आलो.

त्या वेळी मला वाईट वाटत होतं असं सांगितलं तर ते दुसरं खोटं होईल. मला बरं वाटत होतं. जमलं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, फजर झाल्यावर मी मुलाला उठवलं. म्हटलं, गाडी काढ.

"अब्बा, एवढ्या सकाळी कुठे?"

"जागा बघायला."

त्याला कळलं नाही. त्याने मला कबरस्तानच्या दरवाज्यात सोडलं आणि गाडीतच बसून राहिला. ऊन अजून वर आलं नव्हतं. आत गेलो, तुझ्या ओळीत आलो, आणि मला तू सापडेना. काल तू ओळीतला शेवटचा होतास, तुझ्यापुढे मोकळी वाळू होती. आज तुझ्या शेजारी एक नवी माती होती, त्याच्यापुढे आणखी एक, आणि त्याच्यापुढचा खड्डा एक माणूस खणत होता. म्हातारा बलुची, माझ्याच वयाचा असेल.

मी विचारलं, "हे कोण?"

"काल संध्याकाळी, मगरिबनंतर दोन आले. हा सीरियाचा. त्याच्यापुढची कोणी बाई आहे."

"मला इथे जागा पाहिजे होती. याच्याशेजारी."

त्याने फावडं टेकलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

तो हसला नाही. चांगला माणूस. "हाजी, इथे जागा धरत नाहीत. ओळ चालत राहते. जो येतो तो पुढच्या खड्ड्यात. तुमची वेळ येईल तेव्हा ही ओळ कुठल्या कुठे गेलेली असेल." मग परत खणायला लागला. फावड्याच्या दहा-बारा घावांनंतर म्हणाला, "इंशाल्ला, खूप लांब असेल."

एवढ्यासाठी मी तुला ठेवून घेतलं होतं. तुझ्या एका बाजूला काल आलेला सीरियाचा माणूस, दुसऱ्या बाजूला परवाचा कोणी. मी कुठेच नाही. तुझी आई, तुझ्या सात पायऱ्या, तुझं दार, सगळं मी घेतलं, आणि माझ्या हातात आलं काय तर काही नाही.

मी वाळूतच बसलो आणि तुमिनीला फोन लावला. माझा फोन बटणांचा, त्यात तोंड दिसत नाही, त्याचं त्या दिवशी बरं वाटलं. तुमच्याकडे नऊ-साडेनऊ वाजले असतील. कोणीतरी अंगण झाडत होतं, खराट्याचा आवाज येत होता.

"तुमिनी, तो बोलला होता. घरी न्या म्हणाला होता. दोनदा म्हणाला. मी तुला खोटं सांगितलं."

खराटा थांबला. तीच झाडत होती.

"का?"

"मला इथे एकटं पडायचं नव्हतं."

मी दोनदा फोन कानापासून काढून बघितला, चालू आहे की बंद. मग ती बोलली. पाकदे म्हणाली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"दोन वर्षांतून दोन महिने तो माझा होता. बाकी सगळा तुझ्याकडे. मेलेला तरी मला द्यायचास."

सुगेंग, मला माहीत आहे, मी प्रत्येकाला उत्तर देतो. भावांना दिलं, मास्तरांना दिलं, मालकाला दिलं, तुला तर रोज दिलं. तिला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. माफ कर, हेही तोंडात आलं नाही. 

"आत्ता कुठे आहेस?" तिने विचारलं.

"त्याच्याजवळ."

"त्याच्याजवळ म्हणजे कुठे? मला काही दिसत नाही. नीट सांग. उद्या मुलाला पाठवलं, मी आले, तर कुठे यायचं?"

मी उठलो. बलुचीने हात दिला. तुझ्या मातीवर नाव नाही, नुसता एक दगड आहे, इथे सगळ्यांवर तसाच असतो. मी दरवाज्याच्या भिंतीकडे बघून मोजलं आणि तिला सांगितलं, भिंतीपासून नववी ओळ, आणि त्या ओळीत वाटेकडून चौदावा दगड.

"परत मोज," ती म्हणाली.

मी फोन कानाला धरूनच भिंतीपर्यंत चालत गेलो आणि पहिल्या ओळीपासून मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं.